केकच्या सुट्टीत वाळलेली काच

मित्रांनो, मी एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र आहे आणि मला दोन डोकी आहेत. म्हणजे दोन माणसे समोरासमोर बसून माझ्यातून नमुन्याची एकच काच पाहू शकतात. माणसांना बघण्याची हौस असतेच. पण समोरच्याला चुकीचे ठरवण्याची हौस त्याहून मोठी, म्हणून माझा जन्म.

मी घडलो जर्मनीत, संसार केला ऑस्ट्रेलियातल्या टूवुम्ब्यात, जनावरांचे रोग तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत. तरुणपणी माझ्या भिंगांची फार वाहवा झाली. मग पडद्यावर चित्र दाखवणारा कॅमेरा आला आणि माझ्या दुसऱ्या डोक्यावर डॉक्टर इलियास आपली उन्हाची टोपी टांगू लागले.

एकदा डचेस नावाच्या, शर्यतीत पळणाऱ्या ग्रेहाउंड कुत्रीच्या हाडाचा तुकडा आला. हाडाचा कर्करोग. तिचा मालक नेव्ह, मेंढ्या कातरून म्हातारा झालेला. त्याचे म्हणणे सरळ होते: पाय कापून ती जगणार असेल तर कापा, रोग फुप्फुसात जाणारच असेल तर तिला छळू नका, शांतपणे निजवा.

पेशींच्या अंगावर प्रथिनांचे बिल्ले असतात. त्यातला एक बिल्ला पुष्कळ पेशींवर दिसला, तर रोग प्रवासाला निघायच्या बेतात आहे असा अंदाज बांधतात. बिल्ला असेल तिथे तपकिरी रंग चढतो.

इलियासनी पडद्यावर नजर टाकली. तपकिरीच तपकिरी. सुस्कारा सोडून त्यांनी नेव्हला कळवायला फोन उचलला.

"ठेव तो खाली," त्यांच्या सहकारी डॉक्टर ग्लेनिस म्हणाल्या. त्यांनी टोपी काढून फेकली आणि मला मधे घेऊन दोघे बसले. "रंग नुसता काठाला आहे. मधे बघ."

"काठावरच्या पेशी काय परक्या आहेत?"

"मग ही जोडीची काच बघ."

जोडीच्या काचेवर बिल्ला शोधणारे औषध घालतच नाहीत, म्हणून ती कोरी राहायला हवी. तिचेही काठ तपकिरी होते. रंगवताना काच मधेच वाळली की काठाला असा खोटा रंग धरतो, हे दोघांना पाठ होते.

आदल्या दिवशी ग्लेनिसबाईंचा वाढदिवस होता. तिथे ज्याचा वाढदिवस, केक त्यानेच आणायचा, आणि हातातले काम टाकून सगळ्यांनी चहाला जमायचे. रंगवायला घेतलेल्या काचा उघड्याच राहून वाळल्या होत्या.

"केक कोणी आणला होता?" इलियासनी हळूच विचारले.

"मी. आणि दुसरा तुकडा कोणी मागितला?"

"तिसराही मीच घेतला," इलियास म्हणाले आणि नव्या काचा रंगवायला उठले.

नव्या काचेवर तपकिरी पेशी शोधाव्या लागल्या. ही काही हमी नव्हे, हे त्यांनी नेव्हला बजावून सांगितले. पण पाय कापायला एवढी आशा पुरेशी होती. पुढे औषधेही दिली.

वर्षभराने नेव्ह डचेसला घेऊन आभार मानायला आला. फुप्फुसे अजून स्वच्छ होती. बोलणे चालू असताना तिने टेबलावरचा केक लांबवला.

"चार पायांवर एक शर्यत जिंकली नाही," नेव्ह म्हणाला. "आता तीन पायांवर केकपाशी पहिली."

तेव्हा मित्रांनो, माझ्या भिंगांवरचे तेल पुसत जा, डोक्यावर टोप्या टांगू नका. आणि कुणाच्या जिवाबद्दल शेवटचा शब्द बोलण्याआधी माझ्या दुसऱ्या डोक्याशी कुणाला तरी बसवा. केक थांबतो. अर्थात, डचेस खोलीत नसेल तर.