ओझीची हाक

मित्रांनो, खिळ्याला टांगलेलं हे सुरकुतलेलं कातडं जरा न्याहाळा. तो मीच, काझ दुदेकचा जुना शिरटोप. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या पोलादाच्या गावात काझ अमेरिकन फुटबॉलचा हाफबॅक होता, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा गडी. चेंडू काखेत मारायचा नि वाऱ्यासारखा सुटायचा. त्याच्यापुढे वाट मोकळी करत धावायचा त्याचा दोस्त ओझी लिंडक्विस्ट, कोठारासारखा धिप्पाड.

"डावीकडे, काझ!" ओझी ओरडला, की काझ डावीकडे. ती हाक नीट ऐकू यावी म्हणून माझ्या कानांवरची भोकं काझने चांभाराच्या आरीने मोठी केली होती. त्यांतून काय काय आत यायचं! कारखान्याचा भोंगा, गर्दीची गाज, नि त्या गाजेत रेशमाच्या धाग्यासारखी ओझीची हाक. काझची बायको लॉटी मला बदकाची चरबी चोळायची. म्हणायची, "नवऱ्यापेक्षा याचीच कातडी मऊ!"

मग प्लॅस्टिकची हेल्मेटं आली. "अरे काझ, ते भाजीचं टोपलं फेक की आता!" पोरं चिडवू लागली. कोच ब्रॅनिगननेही दटावलं. काझने नवं हेल्मेट चढवलं, मी बाकावर पडून राहिलो. ओझी ओरडला, "डावीकडे!" काझ उजवीकडे वळला नि ओझीच्याच पाठीवर आदळला. चेंडू गेला, सामनाही गेला.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना तेवढा बघतो," कोच म्हणाला. "तिथंही असंच झालं, तर तुझ्या जागी दुसरा."

सणाच्या त्या सामन्याला काझने मलाच उचललं.

"डोकं फुटेल, दुदेक!"

"फुटू दे, कोच. ऐकू तर येईल!"

बर्फ भुरभुरत होतं. सारं मैदान दुलईखाली निजल्यागत मुकं झालेलं. "डावीकडे, काझ..." हाक आली नि आम्ही निघालो. पाय भुईला लागत होते की नाही, कोण जाणे! आम्ही गोलरेषा ओलांडली, आणि तिथेच दोन गडी अंगावर कोसळले. माझी शिवण उसवली. खरं सांगतो, मी कमी पडलो. सामना जिंकला, पण काझ पुन्हा खेळला नाही. त्याचा एक कान गेला.

पुढे लॉटी गेली. मला चरबी लावायला कुणी उरलं नाही. मी तडकत गेलो. काझचा दुसरा कानही मंदावला. माणसं येईनाशी झाली. "त्याच्याशी काय बोलायचं? त्याला ऐकूच येत नाही!"

एका रविवारी ओझी काठी टेकत आला. त्याने मला खिळ्यावरून काढलं, स्वयंपाकघरातली चरबी चोळली आणि ओसरीत डुलक्या घेणाऱ्या काझच्या डोक्यावर हलकेच ठेवलं.

"आता कुणाशी सामना रे, म्हाताऱ्या?" काझ डोळे न उघडताच पुटपुटला.

ओझी माझ्या भोकाशी ओठ नेऊन म्हणाला, "डावीकडे, काझ."

खुर्चीतल्या खुर्चीत काझ डावीकडे झुकला नि हसला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कातड्याला अधूनमधून चरबी लावत जा. आणि जुन्या माणसाला ऐकू येत नसलं, तर जरा जवळ जाऊन हाक मारा.