डावीकडचा कापूस

अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, आरपार दिसणारी औषधाची पट्टी बोटाच्या टोकाला चिकटवून ती पलंगाच्या कडेला बसली होती — एवढीशी वस्तू, पण तिला धाकात ठेवणारी घरातली ही पहिलीच. पोटावर, बेंबीच्या खाली लावायची, शिवाय रात्रीची गोळी. औषध कातडीतून आत झिरपतं म्हणे आणि हाडं झिजायची थांबतात. हाडं! साधी खिडकी ओढून लावताना मनगट काडीसारखं मोडलं, आणि ज्या हातानं जन्मभर कात्री चालवली तो गळ्यात बांधून ती शिवणाच्या दुकानात नुसती जीभ चालवत बसली...

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात कुणाला छातीत गाठ झाली होती? आई, बहीण, मावशी? असेल तर ही पट्टी चालायची नाही."

सून शेजारीच बसलेली. तिच्यासमोर सासूच्या तोंडून पटकन निघून गेलं — "आमच्या माहेरी असली घाण नाही."

घाण... ताईला, सख्ख्या थोरल्या बहिणीला घाण म्हणाली ती. ताईनं कुणालाच कळू दिलं नव्हतं. फक्त हिला, कारण डावी बाजू काढून टाकल्यावर कपडे तर शिवायलाच हवे होते. दार लावून हिनंच माप घेतलं, डावीकडे कापूस भरला, वरून बारीक टीप मारली. "एवढा नको गं भरूस, उजवी रुसेल," ताई म्हणाली आणि दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या... वर्षभरात ताई गेली. लोकांना सांगितलं, कावीळ.

आता सांगावं, तर पट्टी बंद. दुसरं औषध देतील, न देतील — मग आईसारखं कमरेत वाकून जमिनीशी बोलत हिंडायचं. न सांगावं, तर... हात आपोआप छातीकडे गेला. शिवण कुठे फुगलीय हे डोळे मिटून सांगणारी बोटं. पण आज तीच बोटं दोनदा फिरली, तरी काय हाताला लागतंय आणि काय नाही, काही केल्या कळेना. आणि पोटची मुलगी? उद्या तिलाही कुणी विचारील — आई, मावशी? — आणि तीही अशीच मान ताठ करून म्हणेल, छे!

"आई, लावलीत का पट्टी?" बाहेरून सून. "की मी येऊ?"

"लुळी नाही झाले अजून. तुझी कामं बघ!"

"बरं बाई. पडू नका म्हणजे झालं."

पावलं लांब जाऊ लागली. जाईना का, तिनं मनात म्हटलं, आणि त्याच क्षणी तिच्या तोंडून निघालं —

"अगं..."

हा आवाज आपला? एवढासा? दार लावलेल्या खोलीत ताई अशीच बोलायची.

पावलं थांबली. तिनं पट्टी मुठीत लपवली, पुन्हा मूठ उघडली. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडेल याचं भय वाटतंय की उघडणार नाही याचं, हे तिला आता सांगता येईना.