सात भोकांची टाकी

वजीहाच्या छतावरची काळी टाकी समुद्रापलीकडच्या एका कलादालनात जाऊन उभी राहिली, तेव्हा निर्वासितांच्या दहेइशा छावणीत ऑगस्ट चालू होता आणि नळाला पाणी येऊन वीस दिवस झाले होते.

टाकीवर सैनिकांनी वेगवेगळ्या वर्षी सात गोळ्या झाडल्या होत्या. सातही वेळा वजीहा शिडी चढली, जुन्या चपलेच्या रबराची चकती कापली आणि स्क्रू पिळून भोक बुजवलं. तिचा मुलगा उसैद चित्रकार. त्याने परदेशी दालनाला प्रदर्शनासाठी नवी कोरी टाकी देऊ केली होती, पण त्यांना हीच हवी होती. टाकीला प्रवासाची परवानगी चार दिवसांत मिळाली. उसैदचा अर्ज अजून विचाराधीन होता.

"टाकीची चालचलणूक चांगली असेल," वजीहा म्हणाली.

"यम्मा, पाणी यायच्या आत नवी टाकी छतावर असेल. माझा शब्द."

नवी टाकी खलील शहरातून निघालीही. पण वाटेतलं सैन्याचं फाटक बंद झालं आणि ट्रक तीन दिवसांपासून तिथेच उभा होता. जुनी टाकी समुद्र ओलांडून गेली. नवीला पंचवीस किलोमीटर जमेनात.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला उसैद फोनवरून हजर राहणार होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि नेमका त्याच वेळी नळ खोकला.

"उम्म उसैद! सुटलं गं, सुटलं!" उसैदच्या आईला हाक मारत शेजारची उम्म फरज गच्चीवरून ओरडली.

वजीहाने पातेली, बादल्या, मकलूब्याचा भात शिजवायचं भलं मोठं भांडं, नातवाचा टब, सगळं नळाखाली लावलं. टाकीत तीन आठवडे मावत. यात जेमतेम चार दिवस मावणार होते.

फोनमध्ये दालन चालवणाऱ्या बिर्गिट नावाच्या बाई बोलत होत्या. उसैद उलगडून सांगत होता. "म्हणतायत, स्क्रूंमुळे हिंसा झाकली जात होती. म्हणून त्यांनी ते काढले. जखमा मोकळ्या केल्या."

वजीहाच्या हातातली बादली थांबली. "काढले? आणि पाणी?"

"पाणी नळीने भरतायत. काठोकाठ."

पडद्यावर सात धारा सुटल्या. पांढऱ्याशुभ्र फरशीवर तळं झालं. काळ्या कपड्यांतली माणसं गंभीर चेहऱ्याने बुटांचे तळवे ओले करून घेत उभी होती. एकजण डोळे पुसत होता.

वजीहा फोनवर तुटून पडली. "अरे करंट्यांनो, बोटं घाला भोकांत! बघत काय उभे राहिलात? खालचं आधी, खालचं!"

दालनातले सगळे चेहरे आवाजाकडे वळले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"यम्मा, त्यांना वाटलं हाही कलाकृतीचाच भाग आहे."

"उम्म उसैद, गेलं गं पाणी!" वरून उम्म फरज ओरडली. "भरलंस ना?"

वजीहाने नळाकडे पाहिलं. तो नुसता सुस्कारत होता. टब अर्धा, बादली पाऊण, मकलूब्याचं भांडं कोरडं.

"भरलं," ती म्हणाली. "परदेशात."

तेवढ्यात बिर्गिटबाईंनी कौतुकाने फोन फिरवला. शेजारच्या काचेच्या पेटीत मखमलीवर सात स्क्रू मांडले होते, चकत्यांसकट. खाली पितळी पाटी.

"काय लिहिलंय?"

उसैदने घसा खाकरला. "दुरुस्ती. रबर आणि लोखंड. कलाकार अज्ञात."

वजीहाने झग्याला हात पुसले, साखरेचा डबा सरळ केला आणि पहिल्यांदाच फोनसमोर नीट बसली.

"सांग त्यांना, अज्ञात कलाकार सापडली. तिला तिची कलाकृती परत हवी आहे, तीन आठवड्यांच्या आत. आणि स्क्रू त्यांनी बसवायचे नाहीत. ते मी बसवेन."