थापीने दाबलेला कांदा

"मिस्टर कुचेरा, तुम्ही मेलेले आहात ना?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि रोंडाचे कान तापले. मागच्या टेबलावर तिच्या मैत्रिणी ट्विला आणि जो बेथ तोंड दाबून खिदळत होत्या. हे विचारायची पैज त्यांचीच. 'कुचेराज बर्गर'ची एकशे चाळीस दुकानं, प्रत्येक पाटीवर पांढऱ्या टोपीतला तोच हसरा चेहरा. आणि तोच चेहरा, टोपी आणि हसू वजा करून, रोज चार वाजता इथे, ओक्लाहोमातल्या त्यांच्या गावातल्या अगदी पहिल्या दुकानात, कोपऱ्यात एकटा बसायचा. त्याच्याशी बोलताना कुणाला कुणी पाहिलं नव्हतं.

म्हातारा चिडला नाही. ट्रेवरचा कागद त्याने तिच्यापुढे सरकवला. "हे बघ, छापलंय. 'आमचे संस्थापक फार प्रेमळ होते.' होते म्हणतायत, म्हणजे मेलोच असणार. कंपनी कशाला खोटं बोलेल?"

रोंडाला खुदकन हसू आलं आणि ती सरळ समोर बसलीच. पुढे लिहिलं होतं, एमिल कुचेराने आपल्या आजीच्या गुप्त कृतीने पहिला बर्गर केला.

"आजी कसली डोंबलाची! तिने उभ्या जन्मात बर्गर पाहिला नव्हता. रेल्वेच्या कारखान्यात संप चालू होता. माणसं भुकेली आणि मला मांस परवडेना. ब्लांच म्हणाली, अर्धं मांस नि अर्धा कांदा घाल. ब्लांच म्हणजे माझी बायको, गवंड्याची पोर. कागदासारखा पातळ कांदा चिरायची आणि बापाच्या थापीने तव्यावरच्या मांसात असा दाबायची की कांदा कुठला नि मांस कुठलं, कळू नये. वासावर माणसं यायची गं!"

"यात त्यांचं नावच नाही."

"नाही."

त्याने बर्गरवरचा पाव उचलून आत पाहिलं आणि परत ठेवला. "आता कांद्याची पूड येते, पोत्यातून. ब्लांच आजारी पडली तेव्हा सगळं विकलं मी. नाव, चेहरा, कृती."

"मग घरी करून खायचं ना!"

"एकट्यासाठी कांदा कोण चिरतं, पोरी?"

रोंडाने कागद उलटून पाहिला. मागेही ब्लांचचं नाव नव्हतं.

"ए, जिंकलीस, चल आता!" जो बेथ ओरडली. रोंडा हलली नाही.

"तुमच्यानंतर हे कुणाला येतं?"

"कुणालाच नाही."

"मग मला शिकवा."

शनिवारी दुपारी ट्विलाला ओढत ती त्याच्या घरी गेली. ओट्यावर एकच कप, एकच ताटली. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग. तो खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला. रोंडाने चिरलेला कांदा दाराच्या फळीएवढा जाड. थापी पडली ती इतक्या जोरात की अर्धं मांस तव्याबाहेर.

"भिंत बांधतेयस का?" म्हातारा म्हणाला.

धूर झाला, ट्विला खोकत अंगणात पळाली, बर्गर एका बाजूने काळा ठिक्कर. त्याने तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मग ताटली धुवायला म्हणून उठला आणि पाणी न सोडताच मोरीपाशी पाठमोरा उभा राहिला.

"जमलं नाही तुला," तो म्हणाला. "आणि तू काही परत यायची नाहीस. पैज तर संपली."

रोंडाने थापी पुसून ठेवली.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उद्या चर्चनंतर मी आत्याकडे जेवायला येणार नाही."

डॅडींचा काटा हवेतच थांबला. आत्याकडचं रविवारचं जेवण चुकवायचं तर निदान ताप तरी हवा. मॉमने तिच्या कपाळाला हात लावला.

"मी ठणठणीत आहे, मॉम. मिस्टर कुचेरांकडे जेवणार आहे. उद्याच नाही, दर रविवारी. नीट जमेपर्यंत. आणि जमल्यावरसुद्धा."