डोक्याएवढी पऱ्हाटी

बोंडअळीच्या सालची गोष्ट. गौरी यवतमाळच्या एका ऑफिसात उपग्रहाच्या रडार-चित्रांवरून कपाशीचे नकाशे बनवायची. नकाशात लाल झालेल्या गावात पीक गेलेलं, तिथं नुकसानभरपाईच्या पाहणीची माणसं आधी जायची. हिरव्या गावात पीक बरं, तिथं नाही गेलं तरी चालायचं. मारेगावजवळचं आपलं माहेर तिनं हिरवं केलं होतं. आणि आता लहानग्या लेकीला, स्पृहाला, कडेवर घेऊन ती बापाच्याच वावरात उभी होती, हातात फोडलेलं बोंड घेऊन.

बोंडात कापूस नव्हताच. सडून चिकटलेल्या धाग्याची पिवळी कवडी, आणि मधोमध गुलाबी अळी आरामात वळवळत होती. तिनं दुसरं फोडलं. तेही तसंच. स्पृहानं खेळायला हात पुढं केला, तसं गौरीनं बोंड लांब भिरकावलं.

"बाबा, तुम्ही तर फोनवर म्हणाले होते..."

"काय म्हनलो?" विठ्ठलराव दुसरीकडं पाहत म्हणाले. "डोक्याएवढी पऱ्हाटी हाय म्हनलो. हाय का नाही? उभी राहून पाय!"

होती. कपाशी त्यांच्या टोपीच्याही वर गेली होती, दाट, हिरवीकंच. रडारलाही तेवढंच दिसलं होतं.

बाळंतपणाला आली तेव्हा तिनंच बाबांना हे काम समजावलं होतं. बैलाची दोरी खुंट्याला बांधून तिनं ती खालीवर हलवली होती. "ही बघा उभी लहर. अशी ढगांतून खाली जाते. कोऱ्या जमिनीवर आदळली, की बहुतेक उभीच परत येते. पण फांद्या-पानांत शिरली, की इकडंतिकडं आपटते, आणि तिच्यातली थोडी आडवी होऊन येते. आडवी जास्त आली, म्हणजे झाड दाट."

"म्हंजे ढोरावानी," बाबा हसले होते. "मोकळ्या रस्त्यानं सरळ, अन् पऱ्हाटीत घुसलं का वाकडंतिकडं."

"अगदी! पण बोंडात काय आहे ते नाही कळत. त्यासाठी वावरात जावंच लागतं."

जावंच लागतं, असं ऑफिसातल्या नव्या पोरांनाही तीच बजावायची. पण पडताळणीच्या आठवड्यात स्पृहाला दाताचा ताप होता. पोरगी अंगावरून खाली उतरेना. आपलंच गाव, आपलाच बाप, म्हणून गौरीनं फोन लावला होता. पऱ्हाटी कशी आहे, या सरळ सवालावर बाबा आधी जरा थांबले होते. ते थांबणं तिनं ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

"काहून नाही सांगितलं, बाबा?"

"तू अंगावर पाजून राह्यली. तुह्या मायनं सक्त सांगतलं होतं, पोरीले घोर लावू नका, दूध आटते." ते खाली बसून ढेकूळ फोडू लागले. "मले काय मालूम, तू आमच्या फोनावर साऱ्या गावाचा रंग ठरवशीन."

बांधापलीकडं शेजारचे बबनराव उभे होते. त्यांचं वावर उघडं पडलं होतं, उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग बांधाच्या कडेला.

"काय गौरीबाई! वरून समदं दिसते म्हने तुले. माह्या वावरावर काय ताडपत्री होती का?"

"काका, तुमची पऱ्हाटी..."

"उपटली परवा. गाव हिरवं हाय, कोनी येनार नाही म्हनले. मंग कायले ठेवू अळ्या पोसाले? हरभरा तरी होईन."

गौरीनं स्पृहाला बाबांकडं दिलं आणि ऑफिसातल्या नंदकिशोर सरांना फोन लावला.

"सर, माझ्या माहेरचं गाव चुकलंय. पीक पार गेलंय. पडताळणीला मी गेलेच नव्हते."

"मग हिरवं कुणाच्या सांगण्यावरून भरलं?"

बाबांनी स्पृहाच्या मुठीतलं आपलं बोट सोडवलं नाही, पण मान वर केली.

"कुणाच्याच नाही, सर. माझ्याच मनानं."

सर कोरड्या आवाजात म्हणाले, "उद्या माणसं पाठवतो. कुणी पऱ्हाटी उपटू नका म्हणावं. आणि तुमचे नकाशे आता साकेत बघेल, त्याच्याकडं देऊन टाका. सगळी गावं पुन्हा तपासावी लागतील."

"हो, सर."

ती बांधाशी गेली. "काका, उद्या पाहणीची माणसं येतायत."

बबनरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग आपल्या काळ्या, मोकळ्या रानाकडं.

"कोनाच्या वावरात?"

तिनंही तिकडं पाहिलं. आता त्या रानात उभी गेलेली लहर उभीच परत येईल. वाचायला अगदी सोपी, काही चुकायचं नाही.

स्पृहा भुकेनं रडायला लागली. गौरी त्या डोक्याएवढ्या पऱ्हाटीच्या सावलीत बसली, पदर ओढला, लेकीला जवळ घेतलं. घोर छातीवर दगडासारखा बसला होता. तरी पान्हा फुटला, रोजच्यासारखाच भरभरून.

बाबा पाठ करून उभे होते. दूध आटलं नाही, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.