समुद्राकाठच्या दशम्या

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि माझ्या हातात सुशीलाकाकूंची दशमी होती.

काकू सदाशिव पेठेत खाणावळ चालवतात. तळमजल्यावरचा फ्लॅट, पुढच्या खोलीत चार टेबलं आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवा टाकलेला एक लाकडी बाक. ताट त्या बाकावरून मिळतं. बाकापलीकडे जेवणाऱ्यांपैकी कोणी कधी जात नाही. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागून मी भंडाऱ्याहून पुण्यात आलो, त्याच आठवड्यात त्या बाकाशी उभं राहून मी कसंबसं सांगितलं होतं की मी दूध, दही, ताक, तूप यांतलं काहीही खात नाही.

"उपास की नवस?" काकूंनी विचारलं.

"नाही. मी वीगन आहे."

"औषध चालू आहे का त्यावर?"

मागे रांगेत मुलं हसली. मग मी, का कोण जाणे, कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली. आमच्या घरी एक म्हैस होती. तिचं रेडकू मेलं, तेव्हा बाबांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर उभं केलं. ती त्या पेंढ्याला चाटत राहिली आणि दूध देत राहिली. त्या दुधावर माझी बारावीची फी भरली गेली. बाबा वाईट नव्हते. पण त्यानंतर माझ्या घशाखाली दूध उतरलं नाही.

"बरं," काकू एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या पोळीला तेल लागू लागलं, आणि कढीच्या दिवशी माझ्या वाटीत आमसुलाचं सार येऊ लागलं. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नाही. त्यांनी माझं आडनावही कधी विचारलं नाही. पेठेत इतके दिवस एका दारात जेवावं आणि आडनाव विचारलं जाऊ नये, या गोष्टीची मला मनातल्या मनात फार अपूर्वाई होती.

डिसेंबरात चार दिवसांची सुटी मिळाली. पाठीवर एक सॅक, स्लीपरचं तिकीट आणि चेन्नईच्या एका लॉजमध्ये आठ खाटांच्या खोलीतली एक खाट, एवढीच माझी ऐपत होती. निघायच्या सकाळी काकूंनी फडक्यात बांधलेलं एक गाठोडं बाकावरून पुढे सरकवलं.

"दशम्या आहेत. शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधली आहे. बाहेरचं अबरचबर खाऊन तिकडे आजारी पडू नकोस. इथे तुला सूप करून द्यायला मला वेळ नाही."

आमच्याकडे प्रवासाला भाकरी आणि ठेचा देतात. दशमी हे पुण्यातल्या पोळीचं एखादं लाडकं नाव असावं, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

चेन्नईत खाण्याचे हाल होणार हे ठाऊक होतं. ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्याकडून मी एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: दूध नको, तूप नको, दही नको. ती चिठ्ठी मी प्रत्येक टपरीवर दाखवत असे. इडलीवाला वाचून हसला आणि त्याने तुपाचा चमचा मागे घेतला. कॉफीवाल्याने ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे अशा कणवेने पाहिलं की मीच ओशाळलो. उरलेली भूक दशम्या भागवत होत्या. वाळूत बसून मी त्या तुकड्या-तुकड्याने खाल्ल्या. समोर ते अफाट, करडं पाणी सारखं काही सांगायला पुढे येत होतं आणि न सांगता परत जात होतं. मला ते माझ्यासारखंच वाटलं. इतकी मऊ पोळी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवर गाठोडं सोडलं, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले. तात्याराव त्यांचं नाव. शनिवार पेठेतले, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन दक्षिणेतली देवळं पाहायला निघालेले. आदल्या दिवशी माझी तमिळ चिठ्ठी पाहून, तीत काय लिहिलंय इथपासून त्यांनी माझी पुरेशी चौकशी केली होती.

"अहो, दशमी! या गावात!" ते म्हणाले. मी एक पुढे केली. त्यांनी ती मोडली, खाल्ली, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून विचारलं, "आणि आपण दूध सोडलंय म्हणे?"

"हो. सहा वर्षं झाली."

"मग या दशम्यांसाठी वासराकडून लेखी परवानगी घेतलीत वाटतं?"

मला कळेना.

"दशमी दुधात भिजवतात हो. पाण्याचा थेंब नाही. म्हणून तर ती प्रवासात चालते." दुसरा तुकडा मोडत ते सांगत राहिले. "पाण्यात भिजवलेलं विटाळतं, दुधातलं विटाळत नाही. गाडीत कोण शेजारी येऊन बसेल, कोणाचा हात लागेल, सांगता येतं का? जुन्या बायका हुशार."

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायचा की थुंकायचा, हेही मला ठरवता येईना. पेंढ्याने फुगलेलं ते रेडकू माझ्या खाटेशी येऊन उभं राहिलं होतं. आणि त्याच्या मागे माझे आजोबा. ज्यांचा हात लागू नये म्हणून घराघरांतून पीठ दुधात भिजत आलं होतं. सहा वर्षं आणि दोन पिढ्या, दोन्ही एकाच घासात. तात्याराव चटणी मागत होते. मी सगळं गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि बाहेर पडलो.

परतीच्या गाडीत मला एकच प्रश्न पडला होता: त्या बाकाशी मला पुन्हा ताट घ्यायला उभं राहता येईल का? पुण्यात माझं म्हणावं असं दुसरं दार नव्हतं.

मी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खाणावळ रिकामी होती. काकू बाकापलीकडे बसून मेथी निवडत होत्या.

"आलास? काळा होऊन आलास. दशम्या पुरल्या?"

"काकू, त्यांत दूध होतं?"

"मग? पाण्यात भिजवली तर तिला पोळी म्हणतात." आणि त्यांचा हात थांबला. "अगं बाई." मग म्हणाल्या, "अरे, पण ते प्यायचं दूध थोडंच? ते पाण्याच्या जागी असतं. प्रवासाचं म्हटलं की हात आपसूक दुधाकडेच जातो. माझ्या ध्यानातच…"

"पाण्याच्या जागी का असतं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"सासूबाईंनी शिकवलं. दुधातल्याला कोणाचाही हात लागला तरी चालतं."

"कोणाचा, काकू?"

त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि न निवडताच परत ठेवली.

"माझं आडनाव गजभिये आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू आलास त्या महिन्यात बँकेला इथलाच पत्ता दिला होतास ना, तेव्हा तुझं पाकीट इथे आलं होतं. मीच सही करून घेतलं."

दोन वर्षं जपलेली माझी अपूर्वाई जागच्या जागी कोसळली, आणि तिच्याखालून काय निघालं हे मला समजेना. त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं.

"सुदर्शन अमेरिकेला निघाला तेव्हा केल्या होत्या," त्या म्हणाल्या. सुदर्शन त्यांचा मुलगा. "त्यानंतर तुझ्यासाठीच केल्या. चाळीस वर्षं करत आले रे. कोणाच्या हातापासून जपायचं, ते मनातच आलं नाही. आज तू विचारलंस तेव्हा…" त्यांचा चेहरा एकाएकी इतका म्हातारा झाला की मी नजर वळवली.

मग त्या उठल्या. "बाक सरकव."

मी उभाच राहिलो.

"ऐकू येत नाही का? सरकव आणि आत ये. हात धू."

परातीत पीठ होतं, शेजारी पाण्याचा तांब्या. मी आयुष्यात कणीक मळली नव्हती. मी पाणी ओतलं. पीठ बोटांना चिकटून कोपरापर्यंत चढू लागलं.

"पाणी जास्त झालं. अजून पीठ घे. कॉम्प्युटर नाहीये तो, जोर लाव."

माझ्या हातांनी मळलेल्या त्या गोळ्याची एक पोळी त्यांनी लाटली, भाजली, आणि गॅसपाशी उभ्या राहूनच मिठाशी खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत.

"जाड आणि चिवट आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "हे झालं. पण तुझ्या रेडकाचं काय करू मी?"

ती सहा वर्षं परत येणार नव्हती. मोजायचीच तर ती आजपासून मोजावी लागणार होती. बोटांवरचं पीठ वाळून कातडी ओढली जात होती.

"दुसरी मला करा," मी म्हणालो.

त्यांनी पोळपाट माझ्यापुढे सरकवला. "मग तूच लाट. नकाशा झाला तरी चालेल."