रविवारी वाजलेला फोन

इथेल प्रॉसरने उकडलेल्या अंड्याचे टोपण चमच्याने उडवले, आणि नेमके तेव्हाच रेडिओवरच्या माणसाने त्यांच्या खोऱ्याचे, कूम एर्वेनचे, नाव घेतले.

"...खोऱ्यात धरण बांधण्याच्या योजनेला मंत्रिमंडळाने काल संध्याकाळी मंजुरी दिली. वेल्सचे मंत्री श्री. प्रॉसर यांचीही या निर्णयाला सहमती आहे."

पुढची बातमी लोकरीच्या भावाची होती.

नेस्टा चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा मेजावरच्या पांढऱ्या कापडावर पसरत चालला, तरी तिच्या हातातली धार थांबेना. इथेलने उठून चहादाणी तिच्या हातातून काढून घेतली. मग ती कुठे ठेवायची ते त्याला सुचेना. तो तशीच धरून उभा राहिला.

"तुझी सहमती?" नेस्टा म्हणाली.

"नाही."

"मग हा काय म्हणतोय?"

"मला ठाऊक नाही गं."

"तुला ठाऊक नाही! अरे, मंत्री तू आहेस का तो रेडिओवाला?"

थोरली बहीण ती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, आणि बोलायला लागली की तो अजूनही तिच्यापुढे शाळकरी होई. पण आज तिच्या आवाजात धार नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर गवताचा उतार, खाली ओढा, ओढ्यापलीकडे बेथानिया चॅपेल, आणि चॅपेलच्या मागे दगडी कुंपणात त्यांचे आईवडील. धरण झाले की हे सगळे पाण्याखाली जायचे. हे घरही. पाणी मात्र जायचे सीमेपलीकडच्या शहराला.

"गुरुवारी बैठक आहे म्हणालास. गुरुवारी उभा राहून नाही म्हणणार होतास ना?"

"हो."

"मग?"

इथेलने चहादाणी अखेर चुलीवर ठेवली आणि तो ओसरीतल्या फोनकडे गेला. फोन सरकारने बसवून दिला होता, इथेल मंत्री झाला त्या वर्षी. खोऱ्यात दुसरा फोन नव्हता.

लंडनला त्याचा सचिव हॅलम जणू फोनवर हात ठेवूनच बसला होता.

"साहेब, काल दुपारभर तुम्हाला फोन लावत होतो."

"काल रविवार होता."

"हो साहेब."

"रविवारी मी फोन घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"सगळ्यांनाच माहीत आहे, साहेब." हॅलम थांबला. "धरणाचा विषय गुरुवारपर्यंत थांबवता येणार नाही, असं वरून आलं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी संध्याकाळपर्यंत कळवावं, म्हणाले. कुणी कळवलं नाही. तुम्हीही... म्हणजे, तुमच्याकडून काही आलं नाही."

मंत्रिमंडळात हात वर करून मते मोजत नाहीत. विरोध असेल त्याने बोलायचे. न बोलला तो राजी. आणि एकदा ठरले की बाहेर सगळ्यांनी एकच बोलायचे. नाही जमले तर खुर्ची सोडायची. इतकी वर्षे इथेल या रीतीने वागला होता आणि ती शहाणपणाची आहे असे त्याला वाटत आले होते.

"रविवारच का निवडला?"

"मी फक्त फोन लावतो, साहेब."

"हॅलम."

"दुपारी सभागृहात निवेदन आहे, साहेब. तुम्ही लंडनला नाही, तेव्हा तुमच्या नावाने दोन ओळी वाचून दाखवाव्यात असं ठरलंय. योजनेला पाठिंबा म्हणून. त्या वाचू नयेत असं असेल तर... मग तुमच्या जागी कोण, हेही त्यांना ठरवावं लागेल. जेवणापूर्वी मला कळवा." आणि मग जरा हळू आवाजात, "मला वाईट वाटलं, साहेब."

इथेल परत आला तेव्हा नेस्टा ओले कापड पिळत होती.

"काल वाजत होता तो हाच ना?" तिने मान वर न करता विचारले.

"रविवार होता, नेस्टा."

तिने कापड पुन्हा पिळले, पाणी नव्हते तरी.

काल दुपारच्या उपासनेनंतर ती दोघे इथेच बसली होती. थंड मटण, थंड बटाटे. रविवारी चूल फक्त चहापुरती. फोन वाजायला लागला तेव्हा इथेलचा काटा ताटावर थबकला होता; कशाबद्दल असेल याचा त्याला अंदाज होता. शुक्रवारीच त्याला खुद्द पंतप्रधानांनी जिन्यात गाठून, खांद्यावर हात ठेवून म्हटले होते, "प्रॉसर, या धरणावरून आम्हाला तुम्हाला गमावायचं नाही हं." फोन वाजत राहिला. थांबला, पुन्हा वाजला. मग इथेल उठला, ओसरीचे दार लोटले आणि परत येऊन म्हणाला, "लोणचं दे." फोन कायमचा थांबला तेव्हा त्याला इतके हलके वाटले की त्याने आणखी एक बटाटा घेतला. रविवार पाळला, असे तो मनाशी म्हणाला होता.

सकाळ सरायच्या आत लोक बोलावल्यावाचूनच जमले. चॅपेलला लागून असलेल्या बैठकीच्या खोलीत बाके भरली, उरलेले भिंतीशी उभे राहिले. खोऱ्यातले सगळेच इथेलला जन्मापासून ओळखणारे. त्याच्या पावलांनी बोलणे थांबले.

"या, मंत्रीसाहेब," दाराशी उभा असलेला गेथिन म्हणाला. वरच्या शेतावरचा, तोंडाळ माणूस. "मोटार कुठे लावलीत? उंचावर लावा हो. ती काही पोहणारी नाही."

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

"गेथिन, पुरे," टिडिर प्यू म्हणाले. चॅपेलचे ज्येष्ठ ते, उपासना चालवणारे. इथेलला बोटाने ओळी दाखवत त्यांनीच वाचायला शिकवले होते. "इथेल, बाळा, रेडिओवर आलं ते खरं का?"

"मंजुरी खरी आहे, प्यूकाका."

"आणि तुझी सहमती?"

इथेलने टोपी हातात घेतली होती. तिची कड तो बोटांनी फिरवत होता. "विरोध असेल तर कळवा म्हणून लंडनहून फोन आला होता. काल. मी घेतला नाही. मी गप्प, म्हणून मी राजी, असं धरलं त्यांनी."

मागचे लोक ऐकायला पुढे सरकले.

"काल म्हणजे रविवारी?" प्यूकाकांनी विचारले.

"रविवारी."

प्यूकाका बाकावर बसले.  मागे कुणीतरी बाई 'अरे देवा' म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली.

"देवाच्या दिवशी," प्यूकाका म्हणाले. "तू फोन घेणार नाहीस हे ठाऊक असून. मी म्हणत होतो, आपला इथेल हो म्हणणार नाही. सकाळपासून म्हणत होतो की नाही?"

"म्हणत होतात," दोघातिघांनी भर घातली.

इथेल शिव्या ऐकायला आला होता. घोड्याच्या पाठीवर वार व्हायच्या आधी कातडी ताणते तशी त्याची पाठ ताठ झाली होती. वार झालाच नाही. पुढच्या बाकावरून म्हाताऱ्या मार्गेडमावशी काठी टेकत उठल्या, आणि त्यांनी आपल्या खरखरीत हातात त्याचा हात घेतला.

"तुझी आई असती तर आज रडली असती रे," त्या म्हणाल्या. "अभिमानानं. खुर्चीसाठी रविवार विकला नाहीस."

"मावशी—"

"काही बोलू नकोस. घर काय, आमची हाडं तरी किती दिवस आता. पण या खोऱ्यातला एक माणूस तिथं जाऊन बिघडला नाही, हे आम्ही बरोबर घेऊन जाऊ."

मग प्यूकाका उभे राहिले आणि प्रार्थनेसाठी सगळ्यांच्या माना लवल्या. त्यांनी वैऱ्यांसाठी क्षमा मागितली, पोराबाळांसाठी छप्पर मागितले. "आणि आमच्या इथेलला सांभाळ," ते म्हणाले, "त्याने तुझा शब्द सांभाळला."

इथेलने डोळे उघडले. शंभर माना खाली होत्या. एकच वर होती. भिंतीशी उभी असलेली नेस्टा त्याच्याकडे पाहत होती. उभ्या जन्मात प्रार्थना चालू असताना तिने डोळे उघडले नव्हते, आणि आताही त्या डोळ्यांत राग नव्हता. अनोळखी माणूस दारात आला की ती असे पाही.

त्याने मान खाली घातली.

'आमेन' झाल्यावर लोक एकेक करून त्याच्याशी हात मिळवून बाहेर पडू लागले. बाया त्याच्या बाहीला हात लावत होत्या. कुणीतरी अंडी आणून ठेवते म्हणाली. प्यूकाका सगळ्यांच्या मागे थांबले होते, डोळे पुसत. गेथिन शेवटी आला. त्याने आधी कोटाला हात पुसला.

"दाराशी बोललो ते मागे घेतो," तो म्हणाला. "मी असाच आहे, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"काल माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं रे. गाय अडली होती. वासरू आडवं आलेलं." त्याने प्यूकाकांकडे हनुवटीने खूण केली. "तुझ्यासमोरच भर उपासनेत येऊन म्हाताऱ्याला उठवलं. अंगावरच्या रविवारच्या कपड्यांनिशी आले, अन् हात कोपरापर्यंत आत. चॅपेल ताटकळलं तोवर."

"कोण काय म्हणणार," प्यूकाका नाक शिंकरत म्हणाले. "जीव अडकला होता."

"वासरू जगलं," गेथिन म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

इथेलने तो हात पाहिला. नखांच्या कडांना अजून काळपट रेघ होती. बाहेर पायऱ्यांवर लोक टोप्या चढवत होते, खाली ओढ्याकडे निघाले होते; नेस्टा त्यांच्यात होती, मागे न बघता.

त्याने हात घेतला नाही. तो गेथिनच्या बाजूने दारापर्यंत गेला. चौकट धरून उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेले नाही. त्याने पुन्हा म्हटले, "थांबा जरा. सगळे आत या."

पायऱ्यांवरचे लोक वळले. मार्गेडमावशींनी काठी थांबवली.

"काय झालं रे, बाळा?"

"बसा, मावशी," इथेल म्हणाला. "माझं सांगून झालेलं नाही."